तिसरं कोटेशन

मस्कतमध्ये राहून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडपाठ असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या गावचा सरपंच कोण, असं विचारलं तर त्यांना भावाला फोन लावावा लागतो. पण मिशिगनमध्ये कोण किती पुढे आहे, हे ती पोह्यांची बशी हातात धरून सांगतात. आमचे इंजिनियरसाहेब त्यातले पहिल्या नंबरचे. ते नागपूरकडचे. अल हैलला आमच्याच इमारतीत एक मजला वर राहतात आणि एका बांधकाम कंपनीत खरेदीचं खातं सांभाळतात. शुक्रवारचा नाश्ता एकदा त्यांच्याकडे पोह्यांचा, एकदा आमच्याकडे घावण्यांचा, असा आमचा पुष्कळ वर्षांचा रिवाज आहे. मध्ये जवळजवळ तीन महिने तो बंद पडला होता. का बंद पडला, तेच लिहायला बसलो आहे.

अमेरिकेत त्या वर्षी दोन मोठ्या पक्षांखेरीज आणखीही काही जण उभे होते. माझं लक्ष त्यांच्यावर होतं. त्यांचे विचार मला पटत होते असं नाही. ते काय म्हणत होते हे मला आजही धड सांगता येणार नाही. मला त्यांचा धंदा समजून घ्यायचा होता. आपण निवडून येणार नाही हे ठाऊक असलेला माणूस वर्षभर सभा घेतो, सह्या गोळा करतो, वकील लावतो, तो कशाच्या जोरावर? गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यावर कुणी शहाणा माणूस दुकान टाकत नाही.

ऑगस्टमध्ये शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, त्या शुक्रवारी आमच्याकडे घावणे खाता खाता मी साहेबांना हे विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं. ते म्हणाले, तुम्हाला सहमला दुकान टाकायचं तर सहमच्या बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, कागद लागतो, सीबला टाकायचं तर सीबच्या; तिथे पन्नास बलदिया आहेत असं समजा. तिसऱ्याला मतपत्रिकेवर नाव यायलाच राज्याराज्यातून सह्या जमवाव्या लागतात, प्रत्येकाची मुदत वेगळी, नियम वेगळे. मोठ्या दोघांचे कागद तयारच असतात. नाव आलं तरी बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्यालाच सगळं राज्य. एकदा एक बडा व्यापारी उभा राहिला होता, देशातल्या दर पाचांतल्या जवळजवळ एकानं त्याला मत दिलं, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींपैकी त्याच्या वाट्याला एकही आला नाही. ज्या तिसऱ्यांना कधी काळी चार राज्यं मिळाली, त्यांची माणसं देशाच्या एकाच कोपऱ्यात गठ्ठ्यानं राहत होती. आणि कुणालाच बहुमत नाही मिळालं, तर फैसला त्यांच्या लोकसभेत. तिथे बसलेले सगळे त्याच दोन पक्षांचे.

म्हणजे चुकून सामना बरोबरीत सुटला तर पंचही त्या दोघांचेच भाऊबंद. मी म्हटलं, यापेक्षा मत्रहच्या बाजारातला चोर बरा, तो निदान तराजू समोर तरी ठेवतो.

साहेबांनी घावण्याचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणून तर शेठ, ज्याला कळतं तो आपलं मत वाया घालवत नाही."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या महिन्यात म्हटलं असतं तर मी चहा पिऊन उठलो असतो. पण त्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाची निवडणूक लागली होती. अध्यक्षपदाला दोन पॅनेलांचे दोन उमेदवार होते आणि तिसरा मी होतो. साहेब हे विसरले नव्हते. मी विचारलं, "मग माझं काय?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्हाला खोटं सांगणार नाही. मी डॉक्टरबाईंना मत देणार आहे. तुम्ही निवडून येणार नाही."

मी घावणे तसेच टाकून उठलो. माझ्याच घरातून उठून मी बाहेर जाऊन उभा राहिलो, यावरून माझ्या रागाची कल्पना यावी. बायकोनं दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

राग मताचा नव्हता. त्याच्यामागे नऊ वर्षांची गोष्ट आहे. मी एकोणिसाव्या वर्षी दाभोळहून सहमला चुलतभावाच्या दुकानात आलो, तिथल्या शेतांवर पाण्याचे पंप विकत फिरलो आणि पुढे वादी कबीरला पंपांचं आणि पाइपांचं स्वतःचं दुकान काढलं. दुकान नवीन होतं तेव्हा साहेबांनी एकदा फोन केला. त्यांच्या कंपनीचा नियम असा की कुठलीही खरेदी तीन कोटेशनांशिवाय होत नाही. दोन आली होती, फाइलला तिसरं हवं होतं. माल कुणाचा घ्यायचा हे त्यांच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, आधीच ठरवलेलं असायचं. साहेब म्हणाले, लेटरहेडवर एक आकडा टाकून पाठवा, जरा वरचाच टाका. मी पाठवला. ओळख वाढेल, कधीतरी आपलाही नंबर लागेल, असा हिशेब. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्या कंपनीचं तिसरं कोटेशन आहे. त्यांच्या फायलींत माझं लेटरहेड जितकं असेल तितकं माझ्या कपाटात नसेल. एकदा मला राग आला म्हणून मी खरोखरचा भाव दिला, सगळ्यांत खालचा. साहेबांचा घाबराघुबरा फोन आला, "शेठ, हे काय केलंत? तुमचं फाइलसाठी होतं." मग त्यांनी माझ्याकडून दुसरा कागद मागवला, आकडा वाढवून. आणि मी तो दिला.

असा हा माणूस मला सांगत होता की तुम्हाला दिलेलं मत वाया जाईल.

मंडळात मी का उभा राहिलो तेही सांगतो, कारण लोकांनी त्याचेही अर्थ काढले. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. वादी कबीरच्या शाळेत शिकते, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते आणि इंग्रजीतच भांडते. शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेता येत होती. मी अरबी घ्यायला लावली, धंद्यात उपयोगी पडेल म्हणून. फार हुशारी केली असं मला वाटलं होतं. मी दुपारी दुकान बंद असतं तेव्हा वहीत काहीबाही लिहितो. एकदा तिनं ती वही उघडली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "अब्बा, हे उलटं धरलंय का मी?" तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. माझ्या घरात माझ्याच मुलीला मी बंद होतो.

पूर्वी मंडळाचा शनिवारी सकाळी मराठी वाचनाचा वर्ग असायचा. तो बंद झाला, कारण हॉल नाचाच्या तालमीला लागतो. मी मंडळाच्या सभेत उठून म्हटलं की माझ्या दुकानाच्या वर पोटमाळा रिकामा आहे, पंखे आहेत, एसी आहे, वर्ग तिथे घ्या, भाडं नको. सभा संपल्यावर डॉक्टरबाई, म्हणजे मंडळातल्या दाताच्या डॉक्टर, माझ्याजवळ येऊन कौतुकानं म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो." मी म्हटलं, "बाई, दाभोळच्या खाडीवर जन्मलो. तिथे दुसरं काय बोलणार?" त्या हसल्या. वर्गाचं कुणी काही बोललं नाही. वीस वर्षं हे वाक्य मी ऐकतो आहे. मला आजवर एकाही मराठी दाताच्या डॉक्टरला असं सांगावंसं वाटलेलं नाही.

आता दोन पॅनेलांतला फरक विचाराल तर एकाला दिवाळीच्या कार्यक्रमात ढोलताशा हवा होता, दुसऱ्याला ऑर्केस्ट्रा. एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला एक चार्टर्ड अकाउंटंट, जो सगळ्यांना 'मित्रा' म्हणतो आणि कुणाचंही नाव लक्षात ठेवत नाही. वर्गाचा विषय दोघांच्याही कागदावर नव्हता. तेव्हा मी अर्ज भरला. माझ्या कागदावर एकच ओळ होती, शनिवारचा वाचनवर्ग.

मी येडा नाही. निवडून येणार नाही हे मलाही दिसत होतं. पण सहम आणि बरकाकडे आमच्या कोकण किनाऱ्यावरची पंचवीस-तीस माणसं मंडळाची सभासद आहेत, आणि दोन पॅनेलांत चुरस होती. तीस मतं कुणाकडे झुकतात त्यावर सगळं होतं. म्हणजे माझ्या नावाला किंमत होती. अमेरिकेतला तिसरा माणूस कशाच्या जोरावर उभा राहतो, ते मला साहेबांनी नाही, माझ्याच अर्जानं शिकवलं. जिंकायला कोण उभा राहतो? तो भाव यायला उभा राहतो.

आणि भाव आला. मतदानाच्या दोन आठवडे आधी डॉक्टरबाईंचा फोन आला. बोलणं गोड. तुम्ही नाव मागे घ्या, सहमकडची मतं आमच्याकडे वळवा, वर्ग आम्ही सुरू करतो आणि वाचनालयही तुमच्याकडे देतो. मी जे घ्यायला निघालो होतो ते सगळं त्यांनी समोर मांडलं होतं. शहाण्यानं तिथे 'खलास', सौदा पक्का, म्हणून हात मिळवला असता.

पण पहिला भाव घ्यायचा नसतो हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. गिऱ्हाईक म्हणून मी बाजारात जातो तेव्हा भाव ऐकतो, मान हलवतो आणि सावकाश दाराकडे चालू लागतो. घाईनं नाही. सहाव्या-सातव्या पावलाला मागून हाक येतेच. दुकानदार म्हणून मीही आजवर कुणाला दहावं पाऊल टाकू दिलेलं नाही. मी बाईंना म्हटलं, उपाध्यक्षपदाचंही बघा. त्या म्हणाल्या, विचारून सांगते. मी म्हटलं, सावकाश सांगा, आणि फोन ठेवला. मग चालत राहिलो.

एक दिवस गेला, दोन गेले, शुक्रवार गेला. हाक आली नाही. दाताच्या डॉक्टरांना बाजाराची ही रीत ठाऊक नसते हे मला सुचलं नव्हतं. त्यांना वाटलं मी नाही म्हटलं.

तेवढ्यात अकाउंटंट सहमला जाऊन आला. माझ्या चुलतभावाच्या घरी जेवला, मतदानाच्या दिवशी सहमहून बस आणि दुपारी बिर्याणी, असं ठरवून आला. मला कळलं ते चुलतभावाच्या फोनवरून. तो बिचारा अवघडला होता. म्हणाला, "भाय, तू काय निवडून येत नाय असा सगले बोलतात. मग बसमधशी येवन आमी मत कुनाला देवाचा?"

मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला, म्हटलं नाव मागे घेतो, उपाध्यक्षपद राहू द्या. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या की मुदत गुरुवारी संपली, मतपत्रिका छापून आल्या आहेत, आता तुमचं नाव राहणारच. त्याच सुमारास अमेरिकेतही हेच चाललं होतं. तिथल्या तिसऱ्यांपैकी एक जण मोठ्यातल्या एकाला जाऊन मिळाला होता आणि तरी काही राज्यांत त्याचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं होतं. फरक एवढाच की त्यानं हाक आल्याबरोबर मागे वळून पाहिलं होतं. तो माझ्यापेक्षा बरा दुकानदार.

मतदान शनिवारी रूवीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. बस आली, बिर्याणी झाली, मोजणी झाली. अकाउंटंट चार मतांनी निवडून आला. मला नऊ मतं होती.

चार आणि नऊ हे आकडे कानावर पडल्यावर हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. आदल्या आठवड्यापर्यंत मला चहाला विचारत नव्हते ते लोक अचानक माझ्यामुळे इतिहास बदलला असं बोलू लागले. डॉक्टरबाईंच्या पॅनेलमधला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला की तुम्ही आमची मतं खाल्लीत.

"तुमची?" मी म्हटलं. "ही नऊ माणसं तुमच्याकडे जेवायला निघाली होती आणि मी वाटेत अडवली का?"

ती नऊ कोण ते मला ठाऊक होतं. एक मी, एक माझी बायको. बाकीचे सात मंडळाच्या कुठल्याही निवडणुकीला कधी आले नव्हते. पोरांना दोन अक्षरं वाचता यावीत म्हणून आले होते. मी नसतो तर ते शनिवारची झोप काढत घरी पडले असते. अमेरिकेतही दर वेळी कुणीतरी हरलं की हाच हंबरडा, तिसऱ्यानं आमची मतं चोरली. जणू मतं ही पक्षाच्या घरची कोंबडी, शेजाऱ्यानं उचलून नेली. मत मागायला गेला नाहीत, त्याला हवं ते दिलं नाहीत, आणि ते आलं नाही तर चोरी झाली. माझ्याकडे कुणी गिऱ्हाईक फिरकलं नाही तर मी शेजारच्या दुकानावर फिर्याद करत नाही. माल बदलतो.

इंजिनियरसाहेब भिंतीजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दिवाळी होऊन गेली. अमेरिकेचा निकाल आपल्याकडे बुधवारी सकाळी कळू लागतो. त्या बुधवारी दुकान उघडून तासही झाला नसेल, तर साहेब दारात. हातात फोन, फोनवर नकाशा, लाल आणि निळा. खुर्ची न देता मी विचारलं, "तिसऱ्यांचं काय?"

"एक राज्य नाही," ते म्हणाले. "या वेळी फरक इतका आहे की त्यांना शिव्या घालायलाही कुणाला फुरसत नाही."

म्हणजे तेवढाही मान नाही. मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला. मी विचारलं, कशाला आलात. ते म्हणाले, "दोन कामं होती. एक कोटेशन पाहिजे होतं."

मी काउंटरवर हात आपटला. दुकानातली दोन्ही माणसं मागच्या खोलीत गेली.

"आणि दुसरं," साहेब शांतपणे म्हणाले, "मंडळाच्या अध्यक्षांना वाचनवर्ग सुरू करायचाय. तुमच्या नऊ मतांनी त्यांची झोप उडाली आहे. पुढच्या वेळी ती नऊ डॉक्टरबाईंकडे गेली तर ते पडतात. पोटमाळा मिळेल का, असं विचारलंय."

असं आहे हे सगळं. माणूस नको, त्याचा माल पाहिजे. साहेबांनीच एकदा सांगितलं होतं की अमेरिकेतल्या तिसऱ्या पक्षांचं नेहमी असंच होतं. त्यांची एखादी मागणी लोकांना आवडतेय असं दिसलं की मोठ्यातला कुणीतरी ती उचलतो, आपल्या दुकानात मांडतो आणि तिसऱ्याचं शटर खाली येतं. मी त्यांना म्हटलं, आता तुम्हाला कळलं का वाया गेलेलं मत कुठे जातं? ते म्हणाले, "कळलं. पण मी दिलं नसतंच."

निदान खोटं तरी बोलत नाही हा माणूस. मी खुर्ची पुढे केली.

मग मी भाव सुरू केला. या वेळी दाराकडे चालत गेलो नाही. वर्ग दर शनिवारी, दोन वर्षं, सुट्टीशिवाय. नाचाची तालीम, ढोलताशा, ऑर्केस्ट्रा, कशासाठीही वर्ग रद्द होणार नाही. शिकवणारी बाई पगारी. आणि हे सगळं मंडळाच्या कागदावर, सहीशिक्क्यासकट. साहेबांनी एकेक अट लिहून घेतली, तिथूनच अध्यक्षांना फोन केला, आणि सगळ्या अटी मान्य झाल्या. एकही मागे घ्यावी लागली नाही. साहेबांनी विचारलं, "आणखी काही?"

मी छाती काढून म्हटलं, "खलास."

कोटेशनही दिलं. माझा खरा भाव लिहिला आणि सांगितलं की दुसरा कागद मिळणार नाही. ऑर्डर अर्थात आली नाही. पण पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडे पोहे होते आणि मी गेलो.

वर्ग त्याच महिन्यात सुरू झाला. चौदा मुलं येतात, त्यातली पाच डॉक्टरबाईंच्या पॅनेलवाल्यांची. दर शनिवारी सकाळी पोटमाळ्यावरून बाराखडी खाली दुकानात ऐकू येते आणि पंप बघायला आलेले ओमानी शेतकरी वर बघतात.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाची स्मरणिका वाटली. घरी आल्यावर माझ्या मुलीनं ती उघडली. चित्रं न बघता तिनं पहिल्यांदाच मजकुरावर बोट ठेवलं आणि बोट सरकवत वाचायला लागली. मंडळाचा नवा उपक्रम, शनिवारचा वाचनवर्ग. अध्यक्षांच्या संकल्पनेतून साकार. तिथे ती अडखळली, पण पुढे गेली. जागेसाठी वादी कबीर येथील एका हितचिंतकाचे सहकार्य. 'हितचिंतक' तिनं तीन तुकड्यांत वाचलं. मग पान उलटलं, पुन्हा मागे आली, नावांच्या यादीवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. सगळ्या समितीची नावं होती, फोटोग्राफरचंसुद्धा.

दोन वर्षांची हमी घेतली, तालमीचा बंदोबस्त केला, पगाराचं पक्कं केलं, आणि नाव घालायची अट मला सुचली नव्हती. त्या दिवशी साहेबांनी विचारलंही होतं, आणखी काही?

"अब्बा, यात तुमचं नाव कुठंय?" तिनं विचारलं.

अध्यक्षांना फोन लावायला मी फोन हातातही घेतला. ती बोट त्याच ओळीवर ठेवून माझ्याकडे बघत थांबली होती. आता फोन केला असता तर ती उठून गेली असती.

फोन ठेवला. म्हटलं, "ते नंतर. आधी 'संकल्पनेतून' पुन्हा वाच. ल्प गिळलास तू."

ती पुन्हा वाचायला लागली, अध्यक्षांपासून.